ठासणीच्या बंदुकीचं लॉक : टम्बलर आणि घोड्याच्या केस हार्डनिंगच्या नोंदी

८ जुलै

आजरा तालुक्यातून एक शेतकरी काका ठासणीची एकनळी घेऊन आले. शेतीरक्षणाचा परवाना आहे, तो जिल्ह्यापुरता चालतो, कोल्हापूर त्यात येतं. मूळ परवाना बघितला, नळीवरचा नंबर ताडून पाहिला, दुरुस्तीच्या वहीत नोंद केली आणि मगच बंदूक हातात घेतली. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. आमच्या दुकानाला तो आहे म्हणून हे काम इथं होतं. वाचणाऱ्यानं घरच्या शेडमध्ये कुणाची बंदूक उघडायला घेऊ नये.

तक्रार एका वाक्यात : "घोडा वर ओढून ठेवला की राहत नाही, जरा धक्का लागला की पडतो."

आधी नळी रिकामी आहे का ते पाहिलं. ठासणीच्या बंदुकीत हे डोळ्याला दिसत नाही. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी बोटानं खूण धरायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. टोक निपलच्या (जिच्यावर कॅप बसते आणि घोडा आपटतो ती बारीक नळी) जागेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडेच राहिलं तर आत बार ठासलेला आहे. आजोबांनी भरून ठेवलेला बार नातवाच्या काळात निघाल्याच्या गोष्टी या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. ही रिकामी निघाली.

मग घोडा पूर्ण चढवून, चापाला हात न लावता, मागून अंगठ्यानं पुढं ढकलला. पडला. अर्ध्या घोड्यावर, म्हणजे निम्मा चढवला की, मात्र घट्ट बसतो, तिथून हलत नाही.

काका जाता जाता म्हणाले, "नळी वीतभर आखूड करून देता का? करवंदीच्या जाळीत अडकते." नाही म्हटलं. नळी कापणं हे कलम ६ मध्ये येतं. त्यांनी फार ताणलं नाही. त्यांना घाई वेगळी आहे : घनसाळ भात पोसवायच्या आत बंदूक परत हवी, तेव्हा डुकरं उतरतात. म्हणजे वेळ भरपूर आहे.

९ जुलै

लॉक, म्हणजे घोडा आणि चाप चालवणारी यंत्रणा, बाहेर काढलं. मेन स्प्रिंग क्लॅम्प लावूनच काढली. ती जुनी आहे आणि चांगली आहे, एकदा तुटली तर तशी मिळणार नाही. मग सिअरची (घोडा अडवून धरणारा, चाप ओढला की सुटणारा खटका) स्प्रिंग, सिअर, ब्रिडल (टम्बलर आणि सिअर जागेवर धरणारी आतली पट्टी), शेवटी घोडा आणि टम्बलर. घोडा टम्बलरच्या चौकोनी टोकावर गच्च बसलेला होता. हातोडीनं ठोकून न काढता ओढणी लावून काढला.

ज्यांनी लॉक आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : टम्बलर म्हणजे घोड्याच्या आसावर, लॉकच्या पट्टीच्या आतल्या बाजूला बसणारा जाड तुकडा. त्याच्या कडेला दोन खाचा. अर्ध्या घोड्याची खाच खोल आणि आत वळलेली, सिअरचं नाक तिच्यात अडकून बसतं आणि चाप ओढूनही सुटत नाही. पूर्ण घोड्याची खाच उथळ, एका सपाट पायरीसारखी. सिअरचं नाक या पायरीवर टेकतं तेवढ्यावर मेन स्प्रिंगचा सगळा जोर थोपलेला असतो.

ती पायरी भिंगाखाली बघितली तर कडा गोल झालेली आणि तोंड बाहेरच्या बाजूला उतरतं. त्यावर कानशीचे आडवे ओरखडे. म्हणजे नुसती झीज नव्हे. कुणीतरी कधीतरी चाप "हलका" करून द्यायला खाच घासली आहे.

नव्या बारीक कानशीचा कोपरा टम्बलरच्या सगळ्या अंगावर फिरवून पाहिला. पाठीवर, अर्ध्या घोड्याच्या ओठावर, कडेवर कानस काचेवरून जावी तशी घसरते, खरवडा उठत नाही. पूर्ण घोड्याच्या पायरीवर मात्र लगेच चावते. घासणाऱ्यानं वरचं कडक कवच खाऊन टाकलं, खाली मऊ गाभा उघडा पडला, आणि मग सिअरच्या नाकानं उरलेलं काम केलं. सिअरचं नाक कडक आहे, थोडं बोथट झालंय, दगडावर होईल.

दुसरी गोष्ट घोड्याची. त्याचं नाक निपलवर मधोमध न पडता एका अंगाला पडतं. निपलच्या कडेवर एकाच बाजूला चेपल्याची खूण आहे. मान किंचित बाहेर गेली आहे, बहुधा बंदूक कधीतरी त्या अंगावर आपटली असावी.

११ जुलै

आज फक्त तपासणी. घाईनं भट्टीत घालण्याआधी टम्बलर कशाचा आहे ते कळायला हवं.

पाठीच्या कोपऱ्यावर, जिथं काही टेकत नाही तिथं, ग्राइंडरला क्षणभर लावला. पहिल्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या, दाट. तीच जागा जरा खोल गेली की ठिणग्या लांब, सरळ, फुलं विरळ. वर कार्बन जास्त, आत कमी. म्हणजे मुळात कमी कार्बनचं पोलाद घेऊन केस हार्डन केलेलं, वरचं कवच तेवढं कडक. त्याच जागेवर बारीक पॉलिश करून स्पिरिटमध्ये दोन टक्के नायट्रिक अॅसिड घालून केलेलं पाणी बोळ्यानं लावलं. हुपरीच्या चांदीवाल्यांमुळे इकडे नायट्रिक मिळायला अडचण नाही. हे मिश्रण लागेल तेवढंच करायचं आणि बूच घट्ट लावून साठवायचं नाही. काही सेकंदांत कडेला गडद पट्टा उमटला, आतला भाग फिकट राहिला. पट्टा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

आता मुद्द्याचं. कडकपणा आणि कार्बन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या कामातला जवळपास प्रत्येक निर्णय या फरकावर बसतो. लोहाराकडं कोयत्याला पाणी देतात तेव्हा पोलादात कार्बन आधीपासून असतो, पाणी त्याला फक्त कडक करतं. भाजला की ते पाणी उतरतं, पण कार्बन जागेवरच राहतो, परत तापवून बुडवला की परत कडक. केस हार्डन तुकड्यात कार्बन फक्त वरच्या थरात, बाहेरून मुरवलेला. तोही भाजल्यानं जात नाही. जातो तो कानशीनं. किंवा उघड्या ज्वाळेत बराच वेळ ठेवला तर जळून.

म्हणून दोन तुकड्यांना दोन औषधं. घोड्याची मान वाकवायची आहे, काही घासायचं नाही. त्याच्या नाकात कार्बन शाबूत आहे, तेव्हा नव्यानं कार्बन द्यायची गरज नाही, नुसतं परत पाणी द्यायचं. टम्बलरची पायरी नव्यानं कापायची आहे, म्हणजे तिथं गाभा उघडा पडणार, तिथं कार्बन द्यावाच लागणार. पण फक्त तिथंच.

१३ जुलै

दोन्ही तुकडे नरम करायला टाकले. एमएस (साधं मऊ पोलाद) पाइपचा तुकडा, एका बाजूला झाकण वेल्ड केलेलं, आत बीडाचा बुरा. उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर बीड काढतात तिथून पिशवीभर आणला, तेलकट होता म्हणून आधी भाजून घेतला. कोळशात भरला असता तरी हवा लागली नसती, पण ताजा कोळसा या तापमानाला कार्बन देऊ लागतो आणि आज तो नको आहे. उघडा ठेवला असता तर कार्बन जळून पापुद्रे निघाले असते. बीडाचा बुरा या दोन्हीच्या मधला.

भट्टी ८०० अंशांवर, तुकडे आतपर्यंत तापतील इतका वेळ, मग बंद करून दार न उघडता रात्रभर तशीच.

१४ जुलै

सकाळी भट्टी कोमट. तुकडे करडे, पापुद्रा नाही. कानस सगळीकडे चावते, अर्ध्या घोड्याच्या ओठावरसुद्धा.

मान वाकवण्याआधी तडा आहे का ते पाहिलं. घोडा रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, कोरडा पुसला, वर खडूची पूड पाण्यात कालवून लावली आणि वाळू दिली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पांढऱ्यावर रेघ काढतं. मानेवर काही नाही. नाकाच्या ओठाला एक केसाएवढी रेघ आली, पण ती कडेच्या टवक्याशी संपते. टवका मोजून पाहिला, निपलवर टेकणाऱ्या तोंडापर्यंत जात नाही. राहू दे.

केस हार्डन तुकडा थंड वाकवायचा नाही, हे नव्या पोराला समजवताना मी करंजीचं उदाहरण देतो : आतलं सारण दबेल, कवच तडकेल. नरम केल्यावर थंड वाकेलही, पण वरच्या थरात कार्बन आहेच, तो गाभ्याइतका ताणत नाही. तेव्हा गरमच.

नाकाला फायर क्ले (भट्टीची माती) आणि सोडियम सिलिकेटचा लेप दिला. सिलिकेट इथल्या फाउंड्रीत साच्यांसाठी लागतं, बाटलीभर मागितलं की मिळतं. चौकोनी भोकात पोलादी चौकोनी पेग घातला. हा महत्त्वाचा, नाहीतर भोक तिरकं होतं आणि मग घोडा टम्बलरवर डुगडुगतो. ब्रेझिंगच्या ज्वाळेनं फक्त मान केशरी-लाल केली, पेग वाईसमध्ये, नाकाला पितळी पट्टीचा दाब. एका दाबात आली. लाली उतरायला लागली तसं थांबलो. निळ्या रंगाच्या आसपास तापलेलं पोलाद वाकवायला गेलं तर ते ठिसूळ वागतं, तिथं हट्ट करायचा नाही.

लॉक बंदुकीला लावून घोडा हातानं हळू खाली आणला, निपलवर दिव्याची काजळी धरली. नाकात काजळीचा पूर्ण गोल उमटला.

१७ जुलै

पायरी. या कामाचा जीव इथं आहे, म्हणून दोन दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही.

टम्बलरच्या अंगावर मोरचूदाचं पाणी फिरवलं. बागायतदार बोर्डो मिश्रणाला वापरतात तेच. साफ पोलादावर तांब्याचा तांबूस थर बसतो आणि त्यावर सुईनं ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. टम्बलरच्या आसाच्या मध्यातून पायरीच्या कोपऱ्यापर्यंत त्रिज्या ओढली. पायरीचं तोंड या त्रिज्येवर बसलं तर सिअरचं नाक तिच्यावरून सरळ सरकून सुटतं. तोंड बाहेरच्या बाजूला उतरतं असेल तर मेन स्प्रिंगच सिअरला बाहेर ढकलते. आता झालंय ते हेच. आतल्या बाजूला फार कललं तर चाप ओढताना घोडा आधी थोडा मागं उचलला जातो आणि ओढ जड, खरखरीत लागते. मी त्रिज्येपेक्षा अगदी किंचित आत ठेवतो. शेतावरच्या बंदुकीला जड ओढ चालते, घसरणारी नाही.

वेल्ड भरून पायरी उभी करायची की आहे त्यातून मागं कापायची? भरणं मोहात पाडतं, कारण मूळ माप परत मिळतं. पण भरलेल्या तारेचं पोलाद कोणतं, ते पाण्याला कसं वागेल, जोडाच्या कडेला काय होईल, याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. आणि पायरी ही नेमकी जोडाच्याच जागी येणार. मागं कापली तर घोडा पूर्ण चढल्यावर पूर्वीपेक्षा थोडा खाली उभा राहील, एवढंच. मोजलं : साफ तोंड मिळायला ०.४ मिमी जातं. मेन स्प्रिंगच्या दाबात यानं फरक पडत नाही. कापली.

हातानं कानस सरळ धरता येते यावर माझा विश्वास नाही, माझ्या हातावरसुद्धा. दोन कडक पट्ट्यांमध्ये टम्बलर पकडला, पट्ट्यांच्या कडा रेघेशी जुळवल्या. कानस पट्ट्यांवर आली की घसरते, पुढं जाऊच शकत नाही. आधी सुई-कानस, मग दगडाची पट्टी तेल लावून. कडेचा बारीक खरवडा लाकडाच्या टोकानं काढला.

१८ जुलै

सिअरचं नाक दगडावर एका कोनात साफ केलं, जेमतेम. त्याला भट्टी नाही.

काजळी धरून टम्बलर-सिअर जुळवून पाहिले, मेन स्प्रिंग न लावता. पहिल्या वेळी डावीकडे टेकत होतं, उजवीकडे उजेड. दगडाचे दोनचार हलके हात. मग पूर्ण रुंदीला काजळी पुसली गेली.

सगळं जुळवणं आत्ताच, नरम असताना. नंतर कडक तोंडावर फक्त पॉलिश, आकार नाही. नाहीतर आधीच्या माणसानं केलं तेच परत : कवच घासून गाभ्यावर.

२० जुलै

काकांचा फोन. "वेल्डिंग मारून टाकायचं की हो, एवढं काय त्यात?" दिवस सांगून त्यांना थांबवलं.

उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटवाल्या दादांकडं चहा. ते म्हणाले, "दे इकडं, सायनाइडच्या कढईत दहा मिनिटांत करून देतो." पातळ कवचाला सायनाइड झटपट असतं हे खरं. पण बारीक खाचा-भोकांत मीठ अडकून राहतं, त्याला कुठं आम्ल लागलं तर जो वायू निघतो तो माणूस मारतो. लॉक नंतर शेतकऱ्याच्या घरी उघडणार, पुसणार. नको.

त्यांच्याशी भट्टीच्या रंगावरून वाद झाला. ते रंगावर चालतात आणि चाळीस वर्षं चालत आलेत. मी त्यांना अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलची गोष्ट सांगितली. तिचा रिसीव्हर, म्हणजे नळीच्या मागचा मुख्य भाग, कमी कार्बनच्या पोलादाचा आणि केस हार्डन केलेला. पहिल्या महायुद्धाच्या धांदलीत काही रिसीव्हर फुटले. चौकशीत निघालं की घडाईची उष्णता कामगार डोळ्यानं ठरवत होते, आणि उजळ उन्हाच्या दिवशी धातू ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेला असे, कारण उजेडात लाली फिकी दिसते. पोलाद जळायचं. पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र) आले, दुहेरी हीट ट्रीटमेंट आली. स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८,००,००० आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ या नंबरांच्या आतले रिसीव्हर आजही जाणकार वापरत नाहीत. दादा ऐकून म्हणाले, "आपल्याकडं कुठं एवढं ऊन भट्टीवर पडतंय." जुलैत तरी त्यांचं बरोबर आहे.

त्याच गोष्टीतला दुसरा अर्थ मला जास्त लागतो. बाराचा दाब झेलणारा भाग, म्हणजे नळी, तिची बुडाची गुडदी किंवा रायफलचा रिसीव्हर, मी भट्टीत घालत नाही. तिथं पुन्हा पाणी देऊन सुधारणा होत नसते. टम्बलर, सिअर, घोडा, स्क्रू, एवढंच माझं अंगण.

२३ जुलै

कोळसा. बाहेर पाऊस आणि लाकडी कोळसा दमट. ओला कोळसा डब्यात भरला तर वाफ होते, लेप फोडते आणि कार्बन द्यायच्या ऐवजी खाते. लोखंडी तव्यावर घालून भट्टीच्या तोंडाशी वाळवला, हरभऱ्याएवढे तुकडे केले, भुकटी चाळून टाकली. त्यात जळालेल्या हाडांचा कोळसा थोडा मिसळला. तो खताच्या दुकानातल्या बोन मीलचा बंद डब्यात भाजून केलेला. दुर्गंधी फार, हे काम गावाबाहेरच करावं. थोडा धुण्याचा सोडाही घातला, त्यानं काम लवकर होतं. बेरियम कार्बोनेट जास्त जोरकस, पण विषारी, छोट्या दुकानात ठेवू नये.

टम्बलरला लेप : फायर क्ले आणि सिलिकेट, सगळ्या अंगाला, फक्त पूर्ण घोड्याची पायरी आणि तिच्या आजूबाजूची दोनेक मिलिमीटर जागा उघडी. अर्ध्या घोड्याच्या ओठात जुना कार्बन आहेच. तो ओठ पातळ, आत वळलेला, त्यात अजून कार्बन शिरला तर आरपार कडक होईल आणि एक दिवस टवका उडेल. अर्ध्या घोड्याचा ओठ तुटणं ही पूर्ण घोडा घसरण्याइतकीच वाईट गोष्ट. आसाचे दोन्ही गुजे आणि स्क्रूचं भोकही लेपाखाली.

डब्यात खाली कोळसा, मधे टम्बलर, चहूबाजूंनी कोळसा बोटानं दाबून, वर झाकण, फटी फायर क्लेनं बंद. झाकणातून एमएसच्या दोन तारा आत सोडल्या, टोकं टम्बलरजवळ. या साक्षीला. लेप रात्रभर वाळत ठेवला.

२४ जुलै

भट्टी हळूहळू ९०० अंशांवर, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) डब्याच्या अंगाला टेकवून. भट्टीवरचा आकडा आणि डब्याचं तापमान यांत बराच वेळ फरक राहतो. घड्याळ डबा तापल्यापासून लावायचं.

या तापमानाला चांगल्या वातावरणात तासाभरात अर्धा मिलिमीटर कार्बन जातो. पुढं वेग मंदावतो, दुप्पट खोलीला चौपट वेळ. कोळशाच्या डब्यात त्याहून सावकाश. मला अर्धा मिलिमीटरच हवा होता.

दीड तासानं पहिली तार ओढली, पाण्यात बुडवली, वाईसमध्ये धरून मोडली. तुटलेल्या तोंडावर कडेला बारीक, रेशमी, करडी कडी, आत जाड दाण्याचा गाभा. कडी कागदाइतकी. दुसरी तार त्यानंतर तासाभरानं : कडी भिंगाखाली मोजली, ०.४५ मिमी. भट्टी बंद. डबा तसाच आत थंड होऊ दिला.

डब्यातून काढून थेट पाण्यात टाकण्याची पद्धत आहे आणि लोक ती वापरतात. पण ९०० अंशांवर इतका वेळ राहिलेल्या पोलादाचे दाणे मोठे झालेले असतात. पायरीची कडा ही बारीक दाण्याचीच हवी.

२५ जुलै

टम्बलर लेपातून काढला, साफ केला. जुळणी परत काजळीनं पाहिली, जागच्या जागी.

पाण्याची तयारी : बादलीत पावसाचं पाणी, त्यात मीठ. साध्या पाण्यात तुकड्याभोवती वाफेचे बुडबुडे चिकटतात आणि तेवढी जागा मऊ राहते. मिठानं ते लवकर फुटतात. साधं कार्बन पोलाद आहे, तेलात ते पुरेसं कडक होणार नाही.

तुकडा परत लेपून ७८० अंशांवर आणला. चुंबक सोडतं त्याच्या थोडं वर. कडेवर उभा धरून सरळ खाली, आडवा न हलवता. आडवा पडला तर एक बाजू आधी गार होते आणि तुकडा वाकतो. चर्रर्र, बस्स. गुजे व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावला, काटा ०.०२ मिमीमध्ये, म्हणजे तुकडा वाकला नाही. कानस पायरीवरून, ओठावरून, पाठीवरून घसरते. पाठीला आणि ओठाला आपण काही दिलं नव्हतं. जुना कार्बन तिथंच होता, त्यानं पाणी घेतलं.

लगेच टेम्परिंगला (हलकं तापवून ठिसूळपणा उतरवायला), कोमट असतानाच : २०० अंश, दोन तास. पाणी दिलेला तुकडा टेबलावर रात्रभर ठेवू नये, आतल्या ताणानं तडकतो.

घोडा वेगळा. फक्त नाक तापवलं, फक्त नाक पाण्यात. त्यात कार्बन होताच. मग मानेकडून हळू ज्वाळ देऊन नाकावर रंग चढू दिला : फिका पिवळा, गवती पिवळा, तपकिरी. तपकिरी जांभळ्याकडं झुकला तिथं थांबवला. नाकाला ठोका सोसायचा असतो, पायरीइतकं कडक नको. निपल झिजलं तर बदलता येतं, घोडा नाही.

काकांचा पुतण्या बंदूक बघायला आला होता. म्हणाला, फोटोत बंदुकांवर निळे-तपकिरी ढग असतात तसे का नाही आले? ते ढग मुद्दाम आणलेले असतात, हाडांच्या कोळशात भरून थेट डब्यातून हवा सोडलेल्या पाण्यात ओतून. रंगाचा थर अतिशय पातळ, हाताच्या घासण्यानं आणि उन्हानं उतरतो. आजऱ्याच्या पावसात एक मोसम टिकला नसता.

२७ जुलै

उद्यमनगरात कडकपणा मोजला. दादांनी सवयीनं रॉकवेल सी स्केल लावला. थांबवलं. १५० किलोच्या दाबाखाली सुई अर्ध्या मिलिमीटरच्या कवचातून गाभ्यापर्यंत दबते आणि आकडा खोटा मऊ येतो. हलक्या दाबाच्या १५एन स्केलवर, पायरीशेजारी जिथं सिअर टेकत नाही तिथं मोजलं. सी स्केलमध्ये बदलल्यावर साठीच्या जवळ. घोड्याचं नाक पन्नाशीत.

३० जुलै

जोडणी. गुज्यांना पातळ तेल, पायरीवर अगदी हलकं ग्रीस. मेन स्प्रिंग चढवली.

चाप स्प्रिंगच्या ताणकाट्यानं ओढून पाहिला : तीन किलोच्या थोडा खाली, ओढ गुळगुळीत, आधी घोडा हलत नाही. याहून हलका करणार नाही, सांगितलं तरी. मग पूर्ण घोड्यावर अंगठ्यानं जोर लावून ढकललं, लाकडी हातोडीनं दस्त्याला चहूबाजूंनी ठोकलं, दस्ता टायरच्या रबरावर आपटला. घोडा जागचा हलला नाही. अर्ध्या घोड्यावर चाप जोरात ओढला, सुटला नाही.

मागच्या पटांगणात, नळी रिकामी, नुसत्या कॅपवर चालवून पाहिली. कॅप स्वच्छ फुटतात, निपलवर ठसा मधोमध. लॉक परत खोलून पायरी भिंगाखाली पाहिली. कडा तशीच धारदार.

२ ऑगस्ट

काका आले. घोडा चढवून त्यांनी स्वतः ढकलून पाहिला, दोनदा. मग म्हणाले, "जरा जडच केलाय चाप." म्हटलं, हो.

जुनं निपल बदलून दिलं, तेवढं बिलात वेगळं. वहीत परतीची नोंद, सही. वर्षभरानं खाच बघायला बंदूक आणायची असं ठरलं. डब्यातला कोळसा फेकला नाही. त्याचा जोर आता गेलाय, तेव्हा "एकदा वापरलेला" अशी चिठ्ठी लावून ठेवला. पुढच्या आठवड्यात एका दुनळीचे स्क्रू नरम करायचे आहेत, त्यांना तो चालेल.